मुठीवरचं रबर आणि पाहुण्याच्या हातातला तुंबा

दोना नेल्सी झानरोसो कुणाच्याही घरी गेल्या की आधी अवजारं बघतात, माणसं नंतर. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, द्राक्षवेलीची कात्री, जे हाताला लागेल ते उचलायचं आणि मुठीवरच्या रबराच्या कडेला अंगठ्याचं नख घालून बघायचं. नख आत शिरलं तर तोंड वाकडं करून वस्तू जागेवर. नाही शिरलं तर "बरं आहे" म्हणून वस्तू जागेवर. पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या वडिलांनी मांस कापायला स्वतःची खास सुरी आणली होती. दोना नेल्सींनी तिची मूठ तपासली आणि निम्मं रबर सोलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "लग्न टिकेल," त्या म्हणाल्या, "सुरी तेवढी बदला."

हेच काम कारखान्यात करायचे मला पैसे मिळतात. मी तपासनीस. खालच्या गावातल्या तांत्रिक शाळेत तीन वर्षं घालवून, भिंतीवर प्रमाणपत्र लावून मी जे शिकलो ते दोना नेल्सींच्या अंगठ्याला आधीच येत होतं. त्यामुळे त्या मला नावाने हाक मारत नाहीत. "काय रे शाळा, आज काय म्हणतंय तुझं पुस्तक?"

आमचा कारखाना दक्षिण ब्राझीलमधल्या काशियासच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळे संपून धुकं सुरू होतं तिथे आहे. आम्ही स्क्रूड्रायव्हरच्या मुठी करतो. मूठ दिसते एक, पण असते तिघांची: आत पोलादी सळई, तिच्याभोवती कडक प्लॅस्टिक आणि वरून हाताला बरं वाटावं म्हणून मऊ रबर. पहिलं मशीन मार्लेईचं. ती सळया साच्यात उभ्या करते, मशीन मिटतं, उघडतं, सळईवर कडक मूठ तयार. ती तशीच उचलून दोना नेल्सी दुसऱ्या मशीनच्या साच्यात ठेवतात, आणि तिथे तिच्यावर वितळलेलं रबर चढतं. मध्ये गोंद नाही, खिळा नाही. रबराने धरलं तर धरलं. दोना नेल्सी या दुसऱ्या मशीनवर तेवीस वर्षं आहेत. मधे दोनदा त्यांना पाळीप्रमुख करायला निघाले होते. "म्हणजे मी उभी राहून दुसऱ्यांची मशीनं बघायची? मग माझं कोण बघणार?" असं म्हणून त्यांनी दोन्ही वेळा नाही सांगितलं.

जून ते ऑगस्ट आमचा हिवाळा, तेव्हा शेडमध्ये श्वास दिसतो. बायकांनी त्यावर एक उपाय काढला आहे. पहिल्या मशीनमधून नुकतीच निघालेली एक कडक मूठ एप्रनच्या खिशात टाकायची आणि अधूनमधून बोटं शेकायची. दहाएक मिनिटांनी ती गार झाली की भंगाराच्या डब्यात, आणि खिशात नवी. व्यवस्थापक सेउ इव्हानोर (बाईला दोना, पुरुषाला सेउ, असा आमच्याकडचा मान) यांना हे माहीत आहे. ते पाठ करून उभे राहतात, कारण त्यांच्याही कोटाच्या खिशात एक असते.

तर, मार्चमध्ये साओ पाउलोच्या एका व्यापारी कंपनीचं काम आलं. निळी कडक मूठ, वर काळं रबर. साचे त्यांचेच, आमच्याकडे फक्त ठेवलेले. म्हणजे त्यांच्या मनात आलं तर एका सकाळी ट्रक लावून घेऊन जातील. एप्रिल, मे, काही तक्रार नाही. मी रोज पाच मुठी घ्यायचो, रबराला सुरीने चीर द्यायचो, पकडीत कड धरून ओढायचो. चांगल्या मुठीचं रबर सुटत नाही, फाटतं. फाटून अर्धं पकडीत येतं, अर्धं मुठीला चिकटून राहतं. रोज पाचही फाटायची.

जूनमध्ये त्या कंपनीचे इंजिनियर बघायला आले. ओताव्हियो नाव, पण इस्त्रीचा शर्ट असल्यामुळे आम्ही सगळे दोतोर, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचो. त्यांच्यासमोर चाळीस मुठी केल्या. दोतोरांनी पहिली घेतली, चीर दिली, ओढलं, आणि रबर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं अलगद निघून आलं. दुसरी, तेच. सातवीपर्यंत तेच.

"रोज अशाच होतात?" दोतोरांनी विचारलं.

"रोज एकही नाही!" सेउ इव्हानोर म्हणाले. हे खरं होतं, पण असं खरं कुणाला पटतं?

ते गेल्यावर अर्ध्या तासाने मी पाच मुठी ओढल्या. पाचही फाटल्या.

दोना नेल्सींनी सोललेलं एक रबर उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहिलं. आतली बाजू गुळगुळीत होती. "मादोना, माते," त्या पुटपुटल्या, "हे कधी भेटलेच नाहीत एकमेकांना."

सेउ इव्हानोरांनी पहिला संशय सालामीवर घेतला. नऊच्या सुट्टीत आम्ही पाव आणि घरची सालामी खातो, हाताला चरबी लागते, ती मुठीला लागते. कागद लागला: सालामी बंद, हात दोनदा धुवा.

"सालामी रोज खातो आपण," मार्लेई म्हणाली. "मग रोजच्या का नाही सुटत?"

"तुला प्रश्न विचारायला ठेवलंय का?"

"नाही. पण उत्तर द्यायला तुम्हाला ठेवलंय ना?"

जुलैत दोतोर पुन्हा आले. हात धुतलेले, टेबल पुसलेलं, सालामीचा वाससुद्धा नाही. चाळीस मुठी, आणि पुन्हा बटाटे. या वेळी मी पुढे झालो. धुकं, दमट हवा, दाण्यात ओल, असं सगळं मांडून चार पानांचा अहवाल लिहिला, त्यात बाणसुद्धा काढले. प्लॅस्टिकचा दाणा रात्रभर सुकवायला लागलो. दोना नेल्सींनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "शाळा, धुकं काय फक्त पाहुणा आला की दाण्यात शिरतं?"

याला माझ्याकडे बाण नव्हता.

त्यांचा स्वतःचा संशय चंद्रावर होता. त्यांच्या माहेरी वेल छाटायचा, डुक्कर कापायचं, वाइन बाटलीत भरायची, सगळं चंद्र बघून. दोतोर पहिल्यांदा आले तेव्हा चंद्र उतरता होता. दुसऱ्यांदा आले तेव्हा चढता निघाला. त्यामुळे चंद्रही सुटला. मग मार्लेई म्हणाली की मुठी लाजाळू आहेत, परक्या माणसासमोर कपडे उतरवतात. यावर सगळे हसले, दोना नेल्सी सोडून.

कारण सेउ इव्हानोरांना पत्र आलं होतं. ऑगस्टमध्ये शेवटची तपासणी. पुन्हा तसंच झालं तर साचे दुसऱ्या राज्यातल्या एका कारखान्यात जातील. तिथे एकच मशीन दोन्ही थर चढवतं, साचा आतल्या आत फिरतो, माणसाचा हात लागत नाही. साचे गेले की आमचं दुसरं मशीन बंद, आणि दोना नेल्सी वेष्टण विभागात, खोक्यांवर स्टिकर लावायला. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती.

"स्टिकरला काय वाईट आहे?" त्यांचे यजमान सेउ दार्सी म्हणाले होते. "बसून काम."

"तूच बस."

त्या महिन्यात त्या स्वतःच्या हातांकडे संशयाने बघायला लागल्या. मी एकदा पाहिलं, त्या उजवा हात डाव्याने धरून वास घेत होत्या. रोजच्या मुठी चांगल्या, हे त्यांनाही दिसत होतं. म्हणजे काम येत होतं. मग नेमकं त्या दिवशी काय विसरायला होतं? उलट त्या दिवशी तर सगळं जास्त नीट व्हायचं. मशीन पुसलेलं, एप्रन धुतलेला. पाहुण्याला ताटकळायला नको म्हणून दोना नेल्सी सकाळीच चाळीस कडक मुठी करून घ्यायच्या, टेबलावर पांढरा कपडा अंथरून त्यावर रांगेत मांडायच्या आणि वरून दुसरा कपडा टाकायच्या. माहेरी पाहुणे येणार असले की मक्याच्या पिठाची पोलेंता अशीच आधी करून फळीवर झाकून ठेवतात. आल्यावर मग फक्त कापायची.

ऑगस्टचा तो दिवस. बाहेर बर्फ पडेल की काय अशी हवा. दोना नेल्सींनी चाळीस मुठी मांडल्या, कपडा ओढला, कपड्याची सुरकुतीसुद्धा सरळ केली. दोतोर आले, कपडा उचलून मुठी मोजल्या आणि पुन्हा झाकल्या. पण पाहुण्याला लगेच कामाला लावणं आमच्याकडे शोभत नाही. आधी शिमाराँ, आमचा कडू हिरवा चहा.

डबे गरम करायच्या कपाटाशेजारी आम्ही खुर्च्या गोल मांडल्या. मार्लेईने वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात हिरवी पूड भरली, थर्मासमधलं पाणी ओतलं, पहिला घोट स्वतः घेतला आणि भरलेला तुंबा दोतोरांना दिला. एकच तुंबा, एकच नळी. प्यायचं, रिकामा करायचा, परत द्यायचा, मग पुढच्याचा भरणार. यात अडचण एकच. दोतोरांना बोलायला आवडतं, आणि बोलताना हातात काहीतरी लागतं.

"म्हणजे आता बघा," ते तुंबा हलवत म्हणाले, "आमच्या गोदामात..."

गोदाम झालं. गोदामाचा साहेब झाला. साहेबाच्या मेव्हण्याची बोट झाली. तुंबा हातातच. आमच्यातला कुणी असता तर मार्लेईने केव्हाच सुनावलं असतं, "भाषण संपलं की माइक इकडे दे." पण पाहुण्याला कोण बोलणार? आणि पाहुण्याच्या हातात तुंबा असताना गोलातून उठायचं नाही, हे लहान पोरालासुद्धा कळतं. सेउ इव्हानोर हसरा चेहरा करून बसले होते. तो चेहरा आता दुखायला लागला आहे, हे दिसत होतं.

"जूनमध्ये चाळीस मिनिटं लागली होती," मार्लेई माझ्या कानात म्हणाली. "जुलैत पन्नास. आज जेवण इथेच."

दोना नेल्सी माझ्या समोर बसल्या होत्या, दोन्ही हात एप्रनच्या खिशात. मी त्यांच्याकडेच बघत होतो, कारण बोटीत मला रस नव्हता. त्यांनी खिशातून निळी मूठ काढली आणि मांडीवर ठेवली. पुन्हा उचलली, गालाला लावली. आता भंगाराच्या डब्याकडे बघतील असं मला वाटलं. त्या बघत होत्या टेबलाकडे, पांढऱ्या कपड्याकडे.

मग त्या उठल्या.

दोतोरांच्या हातात तुंबा होता. नळी ओठांपाशी. दोना नेल्सी झानरोसो, ज्यांच्या माहेरी पाहुणा उठेपर्यंत कुत्रंसुद्धा उठत नाही, त्या उभ्या राहिल्या, गोलातून बाहेर पडल्या आणि टेबलाकडे चालू लागल्या. मार्लेईच्या हातातला थर्मास तसाच राहिला.

"दोना नेल्सी," सेउ इव्हानोर दातांतल्या दातांत म्हणाले, "बसा."

"हो हो," त्या म्हणाल्या, आणि बसल्या नाहीत. चाळीस मुठी कपड्यासकट क्रेटमध्ये भरून त्या आमच्याकडे परत आल्या. डब्यांचं कपाट उघडलं. आमचे डबे एकेक काढून आमच्या मांड्यांवर, खुर्च्यांखाली, सेउ इव्हानोरांच्या बुटांशेजारी ठेवले. रिकाम्या फळ्यांवर मुठी मांडल्या, दार लावलं, आणि त्याचं बटण होतं तेवढं वर फिरवलं.

दोतोर गप्प झाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी घड्याळ बघितलं. "जेवण इतक्या लवकर?"

"नाही, नाही," सेउ इव्हानोर म्हणाले. "ते आपलं... डब्यांची साफसफाई."

मी उठून कपाटाजवळ गेलो. नाहीतरी आता गोल मोडलाच होता. "काय चाललंय?" मी हळूच विचारलं.

"मला काय माहीत," दोना नेल्सी म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरंच काही माहीत नसल्यासारखा होता. "रोज मी कधी गार मूठ साच्यात ठेवली आहे का, सांग. मार्लेईकडून येते ती चटका देत येते. गार झालेली जाते भंगारात. आणि या दिवशी..." त्यांनी मूठ माझ्या हातावर ठेवली. विहिरीतल्या दगडासारखी होती. "या दिवशी आपण चाळीसच्या चाळीस गार करून, झाकून ठेवतो."

"मग नव्या गरम करून घेऊ ना."

"दोतोरांना तपासायच्या आहेत त्या या चाळीस. मोजून घेतल्यात त्यांनी आल्या आल्या. आता फेकून दिल्या तर म्हणतील लपवतात." त्यांनी कपाटाच्या काचेवर बोट ठेवलं. "हे डबे किती वेळात तापवतं?"

"अर्धा तास. पण दोना नेल्सी, हे पुस्तकात..."

"असेल रे, पुस्तकात असेल. कुठल्या पानावर ते तुला आठवलं नाही एवढंच."

होतं. पान आठवलं मला, नंतर. पण तेव्हा अर्धा तास हवा होता, आणि दोतोर तुंबा परत द्यायला हात पुढे करत होते. दोना नेल्सी झटकन जाऊन खुर्चीत बसल्या, हात मांडीवर घेतले आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "दोतोर, त्या मेव्हण्याच्या बोटीचं पुढे काय झालं?"

मार्लेईने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांना ताप आलाय.

बोट पुढे बुडाली. मग विमा आला. मग विम्याचा माणूस आला, तो दोतोरांच्या बायकोचा लांबचा नातलग निघाला. दोना नेल्सी मधून मधून "खरंच?" म्हणत होत्या आणि कपाटाच्या काचेकडे बघत होत्या. सेउ इव्हानोरांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली, मी खांदे उडवले. मलाही पुरती खात्री नव्हती. कपाटातून गरम प्लॅस्टिकचा वास आला तेव्हा दोतोरांनी नाक वर करून "छान, मसाला कुठला?" असं विचारलं.

पस्तिसाव्या मिनिटाला दोना नेल्सी पुन्हा उठल्या. या वेळी तुंबा मार्लेईकडे होता, म्हणजे चालतं. मुठी क्रेटमधून मशीनकडे गेल्या. दोना नेल्सींनी हातमोजे घातले नाहीत, चटका कळायला हवा म्हणून. एकेक मूठ उघड्या हाताने साच्यात. मशीन मिटलं, उघडलं. काळं रबर चढलेली मूठ बाहेर. चाळीस वेळा.

दोतोरांनी पहिली घेतली. चीर दिली. पकडीत कड धरली आणि ओढलं. रबर ताणलं गेलं, पांढुरकं झालं, आणि फाटलं. अर्धं पकडीत, अर्धं मुठीवर.

दुसरी. फाटलं. बाराव्या मुठीला दोतोरांनी कोट काढला. विसाव्याला त्यांनी पाय टेबलाला लावून ओढलं. एकही सुटलं नाही.

"काय बदललंत?" त्यांनी घाम पुसत विचारलं.

सगळे दोना नेल्सींकडे वळले. त्या आपल्या अंगठ्याचं नख एका मुठीच्या कडेला घालून बघत होत्या. शिरत नव्हतं.

"दाणा सुकवला," सेउ इव्हानोर म्हणाले.

"सालामी बंद केली," मार्लेई म्हणाली.

"मुठी तापवल्या," मी म्हणालो. "डब्यांच्या कपाटात." त्यावर सेउ इव्हानोरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं स्टिकर आता मला लावायचे आहेत. पण दोतोर कपाटापाशी गेले, दार उघडून आत हात घातला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

साचे राहिले. कागदावर आता लिहिलं आहे: कडक मूठ मशीनमधून निघाल्यापासून एका मिनिटात पुढच्या साच्यात, नाहीतर तापवून. दुसऱ्या दिवशी मी दहा गार आणि दहा गरम मुठी करून ओढल्या. गार सगळ्या सोलल्या, गरम सगळ्या फाटल्या. दोना नेल्सींना दाखवल्या तर म्हणाल्या, "बरं आहे. पण चंद्र कुठे होता ते लिहिलंस का?" त्या अजूनही हात दोनदा धुतात. नेमकं कशाने जमलं, कुणी सांगावं, असं त्यांचं म्हणणं. दोन राज्यांपलीकडच्या त्या एकट्या मशीनला ही अडचण कधी आली नसेल. त्याच्याकडे पाहुणे येत नाहीत.

पण त्या दिवशी, दोतोर निघाले तेव्हा, दोना नेल्सी आनंदात नव्हत्या. त्या घाईने कपडे बदलायच्या खोलीत गेल्या आणि सेउ दार्सींनी केलेली एक अख्खी सालामी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या. गाडीच्या खिडकीतून ती दोतोरांच्या मांडीवर ठेवली. मान खाली.

"माफ करा, दोतोर. मी अशी नाही. घरात विचारा कुणालाही."

आणि त्या निघून गेल्या. दोतोर सालामी हातात धरून बसले. मग मला जवळ बोलावलं.

"काम तर त्यांनीच वाचवलं. माफी कशाची मागतात?"

"त्या मधेच उठल्या ना."

"मग?"

"तुमच्या हातात तुंबा होता."

दोतोरांनी माझ्याकडे पाहिलं, सालामीकडे पाहिलं, धुक्यात शिरणाऱ्या दोना नेल्सींच्या पाठीकडे पाहिलं. काच वर करता करता त्यांनी ती पुन्हा खाली केली.

"पण मी तर," ते म्हणाले, "त्या कधी एकदा उठतात याचीच वाट बघत होतो. मला वाटलं, तुमच्याकडे तुंबा हातात आला की बोलत राहावं लागतं."